सव्वा इंचाचे दार

मराठीत घरट्याविषयी काही कमी लिहिले गेलेले नाही. बहिणाबाई चौधरींची सुगरणीच्या खोप्यावरची कविता आपण सर्वांनी शाळेत म्हटली आहे. मारुती चितमपल्लींनी रानातले पक्षी आपल्या पुस्तकांतून घरोघरी आणून पोचवले. आणि त्याही आधी, अक्षरओळख होण्यापूर्वीच, पावसात घर वाहून गेले म्हणजे काय होते हे काऊचिऊच्या गोष्टीने आपल्याला शिकवले. परंतु या सर्व वाङ्मयात पक्षी आपले घर आपणच बांधतो. माणसाने पक्ष्यासाठी घर बांधायचे झाले तर ते कोणत्या मापाचे, कोणत्या लाकडाचे आणि कोणत्या भिंतीवर, हा प्रश्न तसा सुताराचा. तो प्रश्न माझ्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्याने हातात घेतला तेव्हा काय घडले, त्याची ही हकीकत आहे. हकीकतीत चुका बऱ्याच आहेत. त्यांतली एक अशी आहे की ती सांगितल्यावाचून हा लेख लिहिण्यात अर्थ नव्हता.

निमित्त घरातलेच होते. आमच्या जुन्या घरात आजोबांची मोठी तसबीर होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे ती वरच्या बाजूने पुढे झुकलेली असे आणि तिच्यामागे भिंतीशी तिकोनी फट राही. त्या फटीत दरवर्षी चिमण्यांचे घरटे. खाली पडणारा काडीकचरा आई रोज झाडी, रोज तक्रारही करी. पण वीण चालू असताना तिने तसबीर कधी हलवली नाही. पुढे ते घर पाडले गेले आणि त्याच जागेवर इमारत उभी राहिली. तसबीर नव्या घरात आली. पण आता ती भिंतीला चपटी बसते. चिमण्यांनी सज्जात येऊन काही दिवस चौकशी केली. पडद्याच्या दांडीवर काड्या ठेवून पाहिल्या. पंख्याच्या वरच्या वाटीत घर करण्याचा प्रयत्न केला आणि त्यात एक नर चालू पंख्यात सापडून मेला. आई त्या दिवशी जेवली नाही. मी चिमणीसाठी पेटी करण्याचे ठरवले ते त्या संध्याकाळी.

पेटी कोणाला लागते?

सर्वच पक्ष्यांना पेटी लागत नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. घरट्यांच्या दृष्टीने पाहिले तर आपल्या आसपासच्या पक्ष्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग विणणाऱ्या-शिवणाऱ्यांचा. सुगरण आणि शिंपी हे त्यातले कसबी कारागीर. त्यांना आपण काय घर देणार? दुसरा वर्ग उघड्यावर काटक्या रचणाऱ्यांचा. कावळा, होला, बगळे हे त्यातले. तिसरा वर्ग पोकळीत राहणाऱ्यांचा. या तिसऱ्या वर्गात पुन्हा दोन पोटभेद आहेत. तांबट आणि सुतारपक्षी चोचीने लाकूड कोरून स्वतःची ढोली तयार करतात. दयाळ, साळुंकी आणि आपली चिमणी यांची चोच त्या कामाची नाही. त्यांना आयती पोकळी शोधावी लागते. पेटी लागते ती यांना.

चिमणीचे शास्त्रीय नाव पॅसर डोमेस्टिकस. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘घरातली’ किंवा ‘घरची’. आपल्याकडे ती घरचीच होती. कौलारू छपरात वाशांच्या टोकांशी, मातीच्या भिंतीत, कोनाड्यात, दिव्याच्या पेटीमागे, जेथे मूठभर पोकळी असेल तेथे तिचे बिऱ्हाड असे. ती पोकळी कोणी मुद्दाम ठेवलेली नव्हती. आपल्या बांधणीच्या ढिलेपणातून ती आपोआप मिळत असे. आजच्या काँक्रीटच्या भिंतीत, सरकत्या खिडक्यांत आणि सपाट छतात ती मिळत नाही. इमारत चांगली बांधली गेली आणि चिमणी बेघर झाली, असा हा विचित्र व्यवहार आहे.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. चिमणी नामशेष होत चालली आहे असे आपण भाषणांतून ऐकतो. २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवर जो मोठा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात देशभराचा विचार करता चिमणीची संख्या गेल्या पंचवीस वर्षांत बरीचशी स्थिर असल्याचे म्हटले आहे. घट दिसते ती मोठ्या शहरांत. म्हणजे चिमणी जगातून गेलेली नाही, ती आपल्या वस्तीतून निघून जात आहे. घराची टंचाई हे त्याचे एकमेव कारण नव्हे. पिलांना भरवायला लागणारे किडे कमी झाले, झुडपे गेली, हीही कारणे सांगितली जातात. पण त्यांतले आपल्या हाताने दूर करता येईल असे कारण म्हणजे घर.

पोकळीची किंमत चिमणीला किती असते याचे एक उदाहरण सालिम अली यांच्या ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आहे. लहानपणी हातात छऱ्याची बंदूक असताना त्यांनी तबेल्यातल्या एका भोकाबाहेर बसणारा चिमणा मारला. आत मादी अंड्यांवर होती. थोड्याच वेळात तिथे दुसरा नर हजर झाला. त्यालाही त्यांनी मारले, तर तिसरा आला. अशा रीतीने आठवडाभरात आठ नर त्याच जागी आले आणि मेले. मोठेपणी जगाला पक्ष्यांकडे पाहायला शिकवणाऱ्या माणसाने स्वतःची ही नोंद लपवली नाही, हे मला फार मोठे वाटते. चांगली पोकळी आणि तीत बसलेली मादी यांची जागा क्षणभरही रिकामी राहत नाही, हा त्यातला धडा.

पक्ष्यासाठी घर बांधण्याची कल्पना नवी नाही. तुर्कस्तानात ऑटोमन काळातील मशिदींच्या भिंतींवर दगडात कोरलेली पक्ष्यांची घरे अजून पाहायला मिळतात, त्यांना छोटे घुमट आणि सज्जेसुद्धा आहेत. इंग्लंडमध्ये चार्ल्स वॉटर्टन या निसर्गवेड्या जमीनदाराने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यॉर्कशायरमधील आपल्या वाड्याच्या आवारात घुबडांसाठी आणि इतर पक्ष्यांसाठी मुद्दाम जागा करून दिल्या. आपल्याकडे छपराला फुटके मडके टांगण्याची चाल कित्येक घरांत होती. २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो आणि त्या सुमारास लाकडी पेट्या ठिकठिकाणी वाटल्याही जातात. मात्र वाटलेली पेटी आणि स्वतः केलेली पेटी यांत फरक आहे. स्वतः करताना प्रत्येक मापाला ‘का?’ असे विचारावे लागते.

साहित्य आणि हिशोब

लाकूड कोणते घ्यावे? सागवान उत्तम, पण महाग. मी वखारीतून जुन्या खोक्याच्या पाइनची फळी घेतली. सहा इंच रुंद आणि पाऊण इंच जाड. पातळ फळी घेऊ नये. उन्हात ती वाकते आणि आतली हवाही लवकर तापते. प्लायवूड सोपे वाटते, पण पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात. अवजारे म्हणाल तर करवत, हातोडी, गुण्या, गिरमिट, पटाशी, कानस आणि टेप. यांतली निम्मी आमच्या गल्लीच्या टोकाला दुकान असलेल्या सुतारकाकांकडून उसनी आणली. त्यांनी ती दिली, आणि काय करतोस ते दाखवायला ये अशी अटही घातली.

सुतारांचे एक माप आपल्या पाठ्यपुस्तकात नसते, ते म्हणजे सूत. एका इंचाची आठ सुते. पाऊण इंच म्हणजे सहा सूत, सव्वा इंच म्हणजे दहा सूत. हे माप एकदा डोक्यात बसले की मिलिमीटरपेक्षा ते हाताला सोपे जाते.

पेटीचे भाग असे : पाठीची फळी साडेचौदा इंच. दोन बाजू, प्रत्येक मागच्या कडेला दहा इंच आणि पुढच्या कडेला आठ इंच, म्हणजे छपराला पुढे उतार मिळतो. पुढची फळी आठ इंच. छप्पर नऊ इंच. तळ साडेचार इंच. सर्वांची रुंदी फळीचीच, म्हणजे सहा इंच. दोन्ही बाजू वेगवेगळ्या कापायच्या नाहीत. अठरा इंचांचा एकच तुकडा घेऊन एका कडेवर दहा आणि दुसऱ्या कडेवर आठ इंचांची खूण करायची आणि दोन्ही खुणा जोडणाऱ्या तिरक्या रेषेवर करवत चालवायची. दोन्ही बाजू एकाच कापात मिळतात आणि लाकूड वाया जात नाही.

मी कागदावर बेरीज केली : साडेचौदा, अठरा, आठ, नऊ आणि साडेचार मिळून चोपन्न. चोपन्न इंच म्हणजे बरोबर साडेचार फूट. मी वखारीत जाऊन साडेचार फूटच फळी मागितली आणि आपल्या काटकसरीवर खूश होऊन घरी आलो. करवत स्वतः लाकूड खाते, ही गोष्ट माझ्या गणितात नव्हती. प्रत्येक कापाला जवळजवळ अर्धे सूत लाकडाचा भुसा होतो. शिवाय नवशिक्याचा काप वाकडा जातो तो सरळ करण्यात आणखी जाते. शेवटी तळासाठी उरलेला तुकडा चार इंचांचाच भरला. त्याला अर्ध्या इंचाची पट्टी जोडावी लागली. माझी सूचना अशी की फळी पाच फूट घ्यावी. उरलेले सहा इंच चुका करण्यासाठी राखून ठेवावेत.

कृती

काप घेण्यापूर्वी गुण्या लावून पेन्सिलीने रेषा आखावी आणि ती फळीच्या कडेवरही उतरवावी. करवत सुरुवातीला आपल्याकडे ओढून खाच पाडावी आणि मग लांब हात चालवावा. जोर लावू नये. जोर लावला की करवत रेषा सोडते, हे मला पहिल्याच कापात समजले.

जोडणी अशी : दोन्ही बाजू पाठीची फळी आणि पुढची फळी यांच्या मध्ये येतात. त्यामुळे आत साडेचार इंच रुंद आणि सहा इंच खोल जागा मिळते. चिमणीच्या घरट्याला ती पुरेशी होते. पाठीची फळी वर आणि खाली सव्वादोन सव्वादोन इंच बाहेर राहते. पेटी भिंतीला ठोकायची ती याच भागातून. तळ बाजूंच्या आत बसवावा. बाहेरून मारला तर सांध्यातून पावसाचे पाणी आत झिरपते. तळाच्या चारही कोपऱ्यांत गिरमिटाने दोन सुतांची भोके पाडावीत, म्हणजे पाणी गेलेच तर साचणार नाही. बाजूंच्या वरच्या भागात छपराखाली एकेक दोन भोके हवेसाठी ठेवावीत.

खिळा ठोकताना फळीचे टोक उलते. माझी दोन टोके उलली. सुतारकाकांनी तेव्हा एक युक्ती दाखवली : खिळा उलटा धरून त्याच्या अणीवर हातोडीचा एक हलका ठोका द्यायचा आणि अणी बोथट करायची. अणकुचीदार खिळा लाकडाचे धागे फाकवत जातो. बोथट खिळा ते चिरडत जातो, म्हणून फळी उलत नाही. हे ऐकल्यावर मला वाटले, एवढी साधी गोष्ट आपल्याला कोणी शाळेत का सांगितली नाही?

छप्पर खिळ्यांनी पक्के करू नये. वीण संपल्यावर पेटी आतून साफ करावी लागते. मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती छप्पर आणि पाठीची फळी यांच्या सांध्यावर छोट्या खिळ्यांनी बसवली. तिने बिजागरीचे काम होते आणि सांध्यातून पाणीही येत नाही. पुढून एक आकडा लावला की छप्पर बंद राहते.

पुढच्या फळीची आतली बाजू रंध्याने गुळगुळीत केलेली असेल तर तिच्यावर करवतीने आडव्या खाचा पाडाव्यात. पिलांना दाराशी चढून येताना त्या खाचांचा आधार होतो. हे मी पुढे शिकलो. पहिल्या वेळी मी आतली बाजू पॉलिश पेपरने घासून आरशासारखी केली होती.

तीन चुका

आता पुढच्या फळीविषयी, म्हणजेच दाराविषयी.

बाकीची पेटी जमल्यावर मला उत्साह आला होता. दार म्हणजे घराचा चेहरा, असे माझ्या मनात होते. मी दोन इंचांहून थोडे मोठे वर्तुळ आखले, कारण लहान भोक त्या फळीवर दरिद्री दिसत होते. ते फळीच्या बरोबर मधोमध घेतले, कारण मधोमध असलेले डोळ्याला बरे वाटते. आणि त्याच्याखाली एक गोल दांडी बसवली, घासून गुळगुळीत केलेली. चित्रांतल्या सर्व पक्षीघरांना अशी दांडी असते. वर बाहेरून लाल आणि पिवळा तैलरंग दिला.

अटीप्रमाणे पेटी सुतारकाकांना दाखवायला नेली. त्यांनी सांधे पाहिले, छप्पर उघडून मिटून पाहिले आणि मान डोलावली. मग दांडीवर बोट ठेवून म्हणाले, “पोरा, ही कुणासाठी लावलीस?”

“चिमणीला बसायला, काका.”

“चिमणी काय दांडीवर बसून दार वाजवती व्हय?”

मी हसलो. तेही हसले. पेटी घेऊन मी घरी आलो.

फेब्रुवारीत ती सज्जाच्या भिंतीवर लावली. रंगाचा वास असेपर्यंत कोणी फिरकले नाही. मार्चच्या सुरुवातीला एक नर आला. राखी माथा, गळ्याखाली काळा डाग. दिवसभर दारात बसून तो चिवचिवाट करी. चार दिवसांनी मादी आली, आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. नंतर गवत, सुतळीचे धागे, कोंबडीचे पीस आणि आईच्या वातींचा कापूस अशी वाहतूक सुरू झाली. पुढे मादी बराच वेळ आत राहू लागली आणि साधारण बारा-तेरा दिवसांनी आतून बारीक आवाज येऊ लागला. दोघेही चोचीत अळ्या आणि किडे घेऊन येत. मी एकदा घड्याळ लावून पाहिले. अर्ध्या तासात अकरा खेपा झाल्या. दाणे टिपणारा हा पक्षी पिलांना मात्र किडे भरवतो, हे पुस्तकात वाचलेले डोळ्यांनी पाहिले. १९५८ साली चीनमध्ये उंदीर, माश्या आणि डास यांच्याबरोबर चिमण्या मारण्याची मोहीम निघाली. तिथे बळी पडली ती आपल्या चिमणीची जवळची नातलग, वृक्षचिमणी. पिकांवर किडीचे संकट वाढल्यावर १९६० साली यादीतून चिमणी काढून तिच्या जागी ढेकूण घालण्यात आला. आमच्या सज्जातल्या त्या अर्ध्या तासाने मला ती सगळी हकीकत समजावून दिली.

पिले मोठी होऊ लागली तशी ती दाराशी येऊन चोची उघडू लागली. दार तळापासून जेमतेम सव्वादोन इंचांवर होते, त्यामुळे त्यांना ते सोपे होते. एका सकाळी मी आत परीक्षेची टिपणे वाचत बसलो होतो. चिमण्यांचा ओरडा नेहमीपेक्षा वेगळा वाटला म्हणून बाहेर आलो. कावळा दांडीवर बसला होता. मी घासून गुळगुळीत केलेल्या दांडीवर तो निवांत, पाय रोवून बसला होता आणि त्याची मान दारातून आत गेली होती. मी धावलो तेव्हा तो एक पिलू घेऊन उडाला. दुसरे त्यापूर्वीच गेले होते की काय, कोण जाणे. छप्पर उघडले तेव्हा आत तिसरे होते, पण ते दुपारपर्यंत टिकले नाही. नर आणि मादी मात्र दुपारपर्यंत चोचीत अळ्या घेऊन येत राहिली. दारात येत, आत पाहत आणि अळीसकट परत फिरत.

कावळ्याला मी दोष देत नाही. त्याचीही पिले असतील. दोष कोणाचा ते दांडी सांगत होती. मोठे दार, खाली असलेले दार आणि दारापुढे बैठक : यांतली एकही गोष्ट चिमणीने मागितली नव्हती. तिन्ही मी माझ्या डोळ्यांसाठी केल्या होत्या. तिन्ही नसत्या तर कावळा आला असता आणि गेला असता. पंख्यात मेलेल्या नराचे दुःख मी पेटी करून भरून काढायला निघालो होतो आणि माझ्याच पेटीत तीन पिले गेली.

दुरुस्ती

पेटी आठ दिवस तशीच होती. ती मोडून टाकावी असे वाटत होते. सुतारकाकांना सांगितले तेव्हा ते दांडीविषयी एक शब्दही बोलले नाहीत. आठ इंच फळीचा तुकडा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “बाकी पेटी चांगली हाय. म्होरची फळी बदल.”

या वेळी आधी मापे मिळवली, मग पेन्सिल धरली. घरचिमणीच्या पेटीला दाराचे माप बत्तीस मिलिमीटर घेतात, म्हणजे आपले सव्वा इंच, सुताराचे दहा सूत. चिमणी तेवढ्यातून सहज जाते. साळुंकीचे अंग जात नाही आणि कावळ्याची मान आत पोचत नाही. दार वर हवे. छिद्राचा मध्य पुढच्या फळीच्या खालच्या कडेपासून साडेसहा इंचांवर घ्यावा. म्हणजे तळाची जाडी वजा जाता छिद्राच्या खालच्या काठापासून आत पाच इंच खोली राहते आणि घरटे दारापासून दूर, अंधारात राहते. दांडी नको. पोकळीत राहणारा पक्षी थेट भोकाच्या काठाला येऊन धरतो. ढोलीला कोठे दांडी असते?

दहा सुतांचे भोक पाडायला यंत्र नसले तरी चालते. कंपासाने वर्तुळ आखावे, त्याच्या आतल्या बाजूने गिरमिटाने जवळजवळ भोके पाडावीत, मधला भाग पटाशीने काढावा आणि शेवटी कानस फिरवून काठ गोल करावा. पटाशी दोन्ही बाजूंनी थोडी थोडी चालवावी, नाही तर मागच्या बाजूची ढलपी निघते. अधूनमधून माप घ्यावे. भोक लहान राहिले तर वाढवता येते. मोठे झाले तर फळीच बदलावी लागते. त्या संध्याकाळी मी कानशीच्या प्रत्येक चार हातांनंतर पट्टी लावून पाहत होतो. आई म्हणाली, एवढे लक्ष अभ्यासात दिले असतेस तर बरे झाले असते. मला वाटते, तो अभ्यासच होता.

बाहेरचा रंग खरवडून काढला आणि जवसाच्या कच्च्या तेलाचा एक हात दिला. आतल्या बाजूला तेल, रंग, पॉलिश काहीही लावू नये. तेल पूर्ण वाळून वास गेल्यावरच पेटी लावावी.

जागा आणि निगा

पेटी जमिनीपासून आठ-दहा फुटांवर, मांजराला उडी मारून पोचता येणार नाही अशा भिंतीवर असावी. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला करावे. आपल्याकडे दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही पश्चिमेकडून येतात. घरात लावायची असेल तर ज्या खोलीत पंखा आहे ती खोली टाळावी. चिमण्या शेजारधर्माने राहतात, त्यामुळे थोड्या अंतरावर दोन-तीन पेट्या लावल्या तरी भांडण होत नाही. दयाळाचे तसे नाही, तो आपल्या हद्दीत दुसऱ्याला येऊ देत नाही. आत गवत घालून ठेवू नये. घर सजवण्याचे काम ज्याचे त्याला करू द्यावे. वीण चालू असताना छप्पर उघडून पाहू नये. पिले उडून गेल्यावर जुने गवत काढून पेटी कढत पाण्याने धुवावी, उन्हात चांगली वाळवावी. आत कीटकनाशक मारू नये. जवळ उथळ भांड्यात पाणी, शक्य असेल तर कोपऱ्यात धुळीने आंघोळ करायला थोडी कोरडी माती आणि कुंडीत का होईना एखादे देशी झुडूप असावे. नुसते घर देऊन भागत नाही. पिलांना लागणारे किडे आसपास असले पाहिजेत.

दुरुस्त पेटी एप्रिलच्या मध्याला लावली. तीन आठवडे ती रिकामी होती. या काळात मी अनेकदा मनाशी म्हटले की आता कोणी येणार नाही, आणि यावे तरी का? मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक जोडी आली. तीच की दुसरी, हे मला सांगता येणार नाही. चिमण्यांचे चेहरे ओळखण्याइतका मी तयार झालेलो नाही. कावळाही आला. भिंतीवर बसला, पेटीकडे तिरक्या मानेने पाहिले, छपरावर दोनदा चोच मारली आणि निघून गेला. जूनच्या सुरुवातीला, पहिल्या पावसाच्या आधी, दारात एकामागून एक तीन चोची दिसल्या. त्यांतली दोन पिले एका सकाळी उडाली आणि तिसरे संध्याकाळपर्यंत दारात बसून विचार करीत होते. दुसऱ्या दिवशी पेटी रिकामी होती.

समारोप

सौंदर्य आणि उपयुक्तता यांचे नाते काय, यावर आपण वर्गात पुष्कळ चर्चा करतो. त्या चर्चेत भर घालण्याची माझी योग्यता नाही. एवढेच सांगता येईल की माझी पहिली पेटी पाहून प्रत्येक पाहुणा ‘किती छान!’ म्हणाला होता, आणि दुसरीकडे कोणाचे लक्षही जात नाही. दुसऱ्यासाठी काही करायला निघालो की माप त्याचे घ्यावे लागते, आपले नव्हे, ही गोष्ट मी कोणत्याही पुस्तकातून शिकलो असतो तर ती मला पटली असती, पण लक्षात राहिली नसती. सुतारकाकांनी तो प्रश्न वेळेवर विचारला होता. मी तो विनोद समजलो.

काढून टाकलेली पुढची फळी मी टाकली नाही. दांडीसकट टेबलाच्या खणात आहे. कोणा विद्यार्थीमित्राला पेटी करून पाहायची असेल तर त्याने ती फळी जरूर पाहायला यावे. सव्वा इंच छिद्राचा पुठ्ठ्याचा नमुना मी करून ठेवला आहे, तोही देईन. फळी मात्र पाच फूट आणावी.